दसऱ्यानंतर अंडी बंद, कोंबड्यांची पिसं गळताहेत, मेथीचा वाफा उद्ध्वस्त – नाशिकचे परसबागवाले आहेत का इथे?

गोकर्ण_निळी
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले. आम्ही म्हसरूळला राहतो, रो-हाऊस आहे, मागे बऱ्यापैकी जागा आहे, त्यात सासऱ्यांच्या हौसेने सहा कोंबड्या आणि एक कोंबडा (नाव सरपंच, स्वभावही तसाच). चार गिरिराज जातीच्या आहेत, दोन गावरान. शिवाय शेरू नावाचा देशी कुत्रा आणि आपणहून येऊन राहिलेली एक मनी. तर झालंय असं की नवरात्रात घरात घट, सासूबाईंचे नऊ दिवस उपास, अंडं शिजवायचा प्रश्नच नाही आणि नेमकं तेव्हा या बायांनी रोज पाट्या भरून अंडी दिली, शेजारी वाटावी म्हटलं तर त्यांच्याकडेही घट बसलेले. दसरा झाला, पोरं ऑम्लेट ऑम्लेट करायला लागली आणि अंडी बंद! वर पिसं गळायला लागली ती वेगळीच, अंगणात रोज सकाळी उशी फाटल्यागत पसारा, चंपी नावाची गिरिराज आहे तिची तर मान पूर्ण उघडी पडलीय, बघवत नाही. त्यात परतीचा पाऊस थांबला म्हणून मेथी-पालक पेरले होते, कोंब वर आले न आले तोवर टोळीने येऊन सगळं उकरून टाकलं. सासरे म्हणतात कोंबडीला काही बोलायचं नाही, नवरा म्हणतो कोंबड्या ठेव नाहीतर बाग ठेव. मला दोन्ही पाहिजे. काय करतात लोक?

चहाबाज_सिडको
नवरात्रात अंडी आणि दसऱ्याला संप, कोंबड्या पक्क्या नाशिकच्या आहेत, आधी बोनस मागतील मग कामावर येतील 😂

बापू_ओझरकर
ताई, घाबरू नका. मी पशुसंवर्धनात नोकरी केली, आता रिटायर आहे, हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरात यायचाच. कोंबडीचं अंडं देणं दिवसाच्या उजेडावर चालतं. डोळ्यातून आणि कवटीतून आत जाणारा उजेड मेंदूला सांगतो की दिवस मोठा आहे, पिल्लं वाढवायला ऋतू चांगला आहे, मग अंडाशय कामाला लागतं. आपल्या नाशिकला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबरच्या २२-२३ ला बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात अकरा तासांच्या आतबाहेर. दिवस लहान व्हायला लागला की वर्षभर अंडी दिलेली कोंबडी उत्पादन थांबवते आणि जुनी पिसं टाकून नवीन घालते. थंडीच्या आधी अंगावर नवं पांघरूण हवं ना. आधी डोकं आणि मान, मग छाती-पाठ, मग पंख आणि शेवटी शेपूट असा साधारण क्रम असतो. चंपीची मान उघडी पडली म्हणजे ती नियमाने चाललीय.

दोन ते तीन महिने धरून चला. काहींचं सहा आठवड्यांत आटपतं, काही रमतगमत करतात. पीस म्हणजे ८० ते ८५ टक्के प्रोटीनच, आणि अंड्यालाही प्रोटीन लागतं, दोन्ही एकदम परवडत नाही म्हणून ती अंडं थांबवते. तेव्हा नुसता मका-बाजरी टाकून भागणार नाही. सोयाबीन पेंड, शेंगदाणा पेंड, मोड आलेले मूग-मटकी, थोडी सुकट चालते, पण सुकट पाण्यातून दोनदा काढा, तिच्यात मीठ फार असतं. शेंगदाणा पेंड बुरशीची वास मारणारी असेल तर अजिबात नको, त्यातलं विष कोंबडीचं लिव्हर खातं. आणि नवीन पिसं फुटत असताना त्यांच्यात रक्त असतं, हात लावला की दुखतं, म्हणून या दिवसांत पोरांना कोंबड्या उचलून फिरवू देऊ नका.

गोकर्ण_निळी
बापूकाका खूप आभार, जीव भांड्यात पडला. पण रोगाने गळतात की आपोआप, हे कसं ओळखायचं? गेल्या वर्षी गल्लीत एकांच्या सगळ्या गेल्या होत्या एकदम.

बापू_ओझरकर
पिसं टाकणारी कोंबडी खाते, उकरते, भांडते, फक्त दिसायला वाईट असते. आजारी कोंबडी कोपऱ्यात पिसं फुगवून डोळे मिटून बसते. हिरवट पाण्यासारखी शीट, धाप, मान वाकडी होणं, एकामागून एक मरणं हे मरीचं लक्षण, म्हणजे राणीखेत. त्याला औषध नाही, लसच आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर सुई. देवीचा रोग निराळा, त्यात तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती खपल्या येतात, डासांमुळे पसरतो म्हणून पावसाळ्याच्या शेवटी जास्त दिसतो. आणि पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून बघा, उवा दिसल्या तर राख आणि कोरडी माती एकत्र करून एका जुन्या टबात ठेवा, त्या स्वतःच लोळून अंग साफ करतात. एका वेळी बरीच मेली तर मात्र सरकारी दवाखान्यात कळवायचंच, लपवायचं नाही. २००६ साली आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, देशातला पहिला, ते दिवस आम्ही बघितलेत.

मातीचे_हात
कोंबड्या ठेव नाहीतर बाग ठेव हे वाक्य माझ्याही घरात वाजलेलं आहे 😄 गंगापूर रोडला आमची जेमतेम दीड गुंठ्याची परसबाग, तिच्यात पाच कोंबड्या. माझं म्हणणं एकच आहे ताई, कोंबडी अंडी देत नाही ना या दिवसांत, मग तिला मजुरीला लावा. आता विचार करा, अश्विन-कार्तिकात बागेत काय चाललेलं असतं? पावसाळ्यातली भेंडी जून झालेली, दोडका-काकडीचे वेल वाळलेले, तेरडा संपलेला, म्हणजे अर्धे वाफे रिकामे करायचेत. आणि उरलेल्या अर्ध्यात रब्बीचं पेरायचंय. लोकांची चूक काय होते, सगळं अंगण एकच समजतात. मी बांबूच्या चार काठ्या आणि शेडनेटची एक पट्टी, दोन फूट उंच, एवढ्यावर वाफे वेगळे करते. जो वाफा संपला त्यावर जाळी लावून कोंबड्या आत सोडायच्या, वेल-बिल उपटायची गरज नाही, आठवड्याभरात त्या पानं खातात, तण खातात, माती दोन-तीन इंच उकरतात, हुमणी-वाळवी-गोगलगायींची अंडी शोधून शोधून गिळतात, वर खत टाकतात. मग त्यांना बाहेर काढायचं, वर पालापाचोळा पसरायचा, पाणी मारायचं आणि तो वाफा तसाच मुरू द्यायचा. तोपर्यंत दुसरा वाफा, जो आधी मुरवलेला आहे, तिथे पेरणी.

पेरलेल्या वाफ्यावर मात्र कोंबडीचं नखही नको. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, पालकाला आठवडा-दहा दिवस, कोथिंबीर सगळ्यात आळशी, धणे रगडून दोन फाकी केले तरी दहा-बारा दिवस घेते. या काळात मी वाफ्यावर जाळी जमिनीला टेकवून आडवी टाकते, चारी बाजूंनी विटा. कोंबडीला जाळीवर चालायला आवडत नाही, पाय अडकतो. मेथी चार बोटं झाली की जाळी उंच करायची. कोबी-फ्लॉवरच्या रोपांना बुडाशी चार दगड गोल लावले की उकरता येत नाही. वांगी-टोमॅटो गुडघ्याएवढे झाले की कोंबड्या खाली फिरल्या तरी चालतं, उलट किडे खातात, फक्त खालचे लाल टोमॅटो गेलेच समजा.

निफाडचा_पोरगा
मातीचे हात ताईंनी लई भारी सांगितलं. आमच्याकडे द्राक्षाची बाग आहे, आज्जीच्या कोंबड्या पहिल्यापासून बागेतच, एप्रिलची खरड छाटणी झाली की त्या आणि आज्जी दोघी बागेत. पण एक सांगतो भो, ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला कोंबड्या बागेत सोडायच्या नाय म्हणजे नाय. डोळे म्हणजे कोंब फुटावे म्हणून वेलीच्या काड्यांना जी पेस्ट लावतात ती बेक्कार विषारी असते, लावणारा माणूस पण हातमोजे घालतो, दारू पिऊन लावली तर माणूस आडवा होतो. मग फवारण्या चालू होतात त्या थेट जानेवारीपर्यंत. तुमच्या म्हसरूळ मखमलाबादकडे अजून बऱ्याच बागा आहेत, कोंबड्या कुंपण ओलांडून जात असतील तर शेजाऱ्याला विचारा छाटणी कधी आहे. बागेतलं कापलेलं गवत पण आणून टाकू नका या दिवसात.

गोकर्ण_निळी
अरे बापरे, भिंतीपलीकडे द्राक्षबागच आहे आणि सरपंच रोज सकाळी तिकडेच मिरवायला जातात! आजच सांगते सासऱ्यांना. पंख कापू का त्याचे?

निफाडचा_पोरगा
एकाच बाजूच्या पंखाची पुढची लांब पिसं कापायची, दोन्ही नाय. तोल जातो मग उडता येत नाय. पण आता पिसं गाळायचा टाईम आहे तर थांबा, नवीन पिसात रक्त असतं ते काकांनी सांगितलंच. तोवर भिंतीवर वर दोन फूट जाळी मारा.

मनी_आणि_मी
मी कुत्र्या-मांजरांच्या बाजूने लिहिते. इंदिरानगरला राहतो, आमच्याकडे दोन मांजरी, एक लॅब्राडोर आणि खाली भाडेकरूंच्या कोंबड्या. मोठ्या कोंबडीच्या नादाला मांजर सहसा लागत नाही, एक चोच नाकावर बसली की विषय संपतो, पिल्लांची गोष्ट वेगळी, पिल्लं चांगली मोठी होईपर्यंत डालग्याखाली नाहीतर जाळीच्या आतच, मनी कितीही गरीब दिसली तरी. शेरूचं म्हणाल तर देशी कुत्रा शिकतो पटकन, सुरुवातीला पट्टा बांधून कोंबड्यांच्या शेजारी बसवायचं, कोंबडी पळाली आणि तो उठला नाही की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. पळणारी वस्तू दिसली की धावायचं हे त्याच्या रक्तात आहे त्यामुळे घरात कोणी नसताना दोघांना एकत्र सोडू नका, विश्वास कितीही असो.

आणि दिवाळी येतेय म्हणून मुद्दाम लिहिते, नाशिकमध्ये घरोघरी मनुके असतात, चिवड्यात, लाडवात, शिऱ्यात. कुत्र्याला मनुका आणि द्राक्ष दोन्ही वाईट, किडनी बंद पडते, किती खाल्ल्यावर त्रास होईल ते प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं म्हणून एकही द्यायचा नाही. चॉकलेट तसंच. कांदा-लसूण मांजराला तर फारच वाईट, रक्तातल्या पेशी फुटतात. पाहुणे प्रेमाने भरवतात, त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

चहाबाज_सिडको
द्राक्षनगरीत राहून कुत्र्याने द्राक्ष खायचं नाही, म्हणजे आमच्या मोत्याने आयुष्यात करायचं काय. (गंमत बाजूला, हे माहीत नव्हतं, थँक्यू ताई, आमच्याकडे तो सर्रास मनुके खातो, आजपासून बंद.)

मुठेकाठचा_उगाच
मी पुण्याचा, आगाऊपणा माफ करा. फ्लॅटच्या बाल्कनीत दोन कोंबड्या ठेवता येतील का? बायकोला ताजी अंडी हवीत.

मातीचे_हात
नाही.

मुठेकाठचा_उगाच
इतकं थोडक्यात तर आमच्याकडे पण कोणी बोलत नाही 😅

मातीचे_हात
बरं सविस्तर सांगते. रात्री बसायला कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट पुरतात पण दिवसा फिरायला किमान आठ-दहा लागतात, उकरायला माती लागते, लोळायला धूळ लागते. हे नसलं की त्या एकमेकींची पिसं उपटतात. शिवाय वास. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. ताजी अंडी हवीत तर गावाकडून मागवा, कोंबडीही सुखी आणि सेक्रेटरीही.

दारणाकाठ
कोणी भक्षकांबद्दल बोललंच नाही अजून. आम्ही देवळालीच्या बाजूला, ऊस जवळ, नदी जवळ, त्यामुळे बिबट्या ही आमच्याकडे बातमी नाही, शेजारी आहे. बिबट्या कोंबडीसाठी मुद्दाम येतो असं नाही, तो कुत्र्यासाठी येतो. अंगणात रात्री बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला आयतं जेवण. शेरूला रात्री घरात किंवा बंद जागेत घ्या, म्हसरूळही आता डोंगराच्या पायथ्याला लागूनच आहे. दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका, वनविभागाची हेल्पलाईन १९२६ आहे, फोन करा.

पण कोंबड्यांचं खरं नुकसान करतो तो मुंगूस. दिवसाढवळ्या येतो, दोन इंचाच्या फटीतून आत शिरतो आणि एक खायला मिळाली तरी चार मारून जातो. दुकानात कोंबडीजाळी म्हणून जी पातळ षटकोनी जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, मुंगसाला बाहेर ठेवायला नाही, कुत्रंसुद्धा ती दातांनी फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी घ्या, महाग पडते पण एकदाच घ्यायचीय, आणि खुराड्याच्या चारी बाजूंनी ती जमिनीत फूटभर गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाका. उकरायला आलेला प्राणी भिंतीच्या बुडाशीच उकरतो, फूटभर मागे जाऊन उकरायची अक्कल त्याला नसते. दाराला नुसता हुक नको, कडी आणि खिळा. दाणे रात्री उघडे ठेवले की घुशी-उंदीर येतात, त्यांच्या मागे साप येतात.

मनी_आणि_मी
उंदरांवरून आठवलं, खुराड्याजवळ उंदराचं औषध ठेवू नका प्लीज. मेलेला उंदीर मनीने किंवा शेरूने खाल्ला तर तेच विष त्यांच्या पोटात जातं, रक्त गोठणं थांबतं आणि दोन-तीन दिवसांनी हिरड्यातून, नाकातून रक्त यायला लागतं. खाल्ल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे, व्हिटॅमिन के देतात. पिंजरा लावा त्यापेक्षा.

पोल्ट्री_सिन्नर
एवढं सगळं वाचलं. अंड्यांचा प्रश्न सोपा आहे, खुराड्यात एक बल्ब लावा, पहाटे चारला चालू, सूर्य उगवला की बंद. एकूण उजेड चौदा ते सोळा तास झाला की कोंबडी अंडी देणारच. आमच्याकडे लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये वर्षभर अंडी निघतात ती काय जादूने निघतात का. टायमर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तीन महिने फुकट खायला घालायची हौस असेल तर राहू द्या.

बापू_ओझरकर
भाऊ, तुमचं गणित शेडसाठी बरोबर आहे, तिथे पक्षी दीड वर्षात बदलायचा असतो. ताईंच्या कोंबड्यांना नावं आहेत. पिसं गळायला लागल्यानंतर बल्ब लावला तर एकाच वेळी पीस पण उगवायचं आणि अंडं पण, शरीर कुठून आणणार? कवच पातळ होतं, हाडातलं कॅल्शियम निघतं. लावायचाच असेल तर पिसं पूर्ण आल्यावर, हळूहळू, पहाटेच्या बाजूने. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर त्या अंधारात जागेवर चढू शकत नाहीत, खाली गर्दी करून बसतात.

पोल्ट्री_सिन्नर
हळूहळूचं मान्य. पण फुकट खाणं हे फुकट खाणंच आहे काका 😄

गोकर्ण_निळी
बल्ब नको, सासरे म्हणाले "बाळंतिणीला कामाला लावतात का", विषय तिथेच संपला. (ती बाळंतीण नाहीये हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.) दुसरा प्रश्न, शेजारच्या काकूंची तक्रार आहे वासाची. सरपंचच्या आरवण्याची पण आहे पण त्याला मी काही करू शकत नाही. वासाचं काय करू?

मातीचे_हात
वास येतो तो ओल्या शीटेचा, कोरड्या शीटेला वास जवळजवळ नसतोच. खुराड्यात फरशी किंवा नुसती माती असेल तर तिच्यावर भाताचं तूस किंवा सुताराकडचा भुसा चार-पाच इंच पसरवा. घोटीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथे तूस पोत्याने मिळतं. दर दोन-तीन दिवसांनी फावड्याने खालीवर करायचं, मूठभर दाणे टाकले की हे काम कोंबड्याच करतात. पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर किंवा विटेवर उंच, सगळी ओल तिथूनच होते. अमोनियाचा वास नाकाला झोंबला म्हणजे तूस कमी पडलंय, आणखी टाका.

तीन-चार महिन्यांनी हे सगळं काढायचं आणि कंपोस्टला. ताजं कोंबडखत थेट रोपाला घालू नका, फार गरम असतं, पानं करपतात. देशी बदामाची पानं या दिवसांत लाल होऊन गळायला लागतात, ती आणि गल्लीतला सगळा पाचोळा घ्या, खताच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाचा, थर द्या, पाणी मारा, दोन आठवड्यांनी उलथा. आत हात घालवणार नाही इतकं तापलं पाहिजे. कच्च्या खायच्या भाज्यांना, म्हणजे कोथिंबीर, मुळा, गाजर, खत घातल्यापासून तीन-चार महिने गेल्याशिवाय काढायच्या नाहीत, जंतू असतात. दिवाळीत लावलेला ढीग संक्रांतीनंतर उन्हाळी वाफ्यांना मस्त मिळतो. आणि काकूंना पहिलं पोतं त्यांच्या गुलाबांसाठी फुकट द्या. आपलं गाव एके काळी गुलशनाबाद होतं, गुलाबाच्या खताला कोणी नाही म्हणत नाही. माझ्या शेजाऱ्यांची तक्रार अशीच बंद झाली.

शेवंती_पंचवटी
मी फक्त झेंडूबद्दल सांगायला आले. अंड्याचा बलक फिका येतो म्हणून काही जण रंगाच्या पुड्या घालतात, गरज नाही, झेंडूच्या पाकळ्या द्या, त्यातलं पिवळं द्रव्य थेट बलकात उतरतं, मोठे पोल्ट्रीवाले पण झेंडूचाच अर्क वापरतात. फक्त दसऱ्याची बाजारातून आणलेली तोरणं कोंबड्यांना टाकू नका, त्यावर फवारे मारलेले असतात, शिवाय दोरा. दोरा पोटात गेला तर गुंता होतो. घरच्या रोपांची फुलं द्या. आमच्याकडे दसऱ्याची उरलेली घरची फुलं वाळवून डब्यात ठेवतो, थंडीत हिरवा चारा कमी झाला की मूठ मूठ. आणि बागेत कण्हेर किंवा एरंड असेल तर कोंबड्या-शेरू दोघांपासून लांब.

गोकर्ण_निळी
कण्हेर आहे! पिवळी. देवाला लागते म्हणून सासूबाई काढू देणार नाहीत, जाळी लावते भोवती. या धाग्यामुळे माझं अर्धं अंगण जाळीत जाणार असं दिसतंय.

दारणाकाठ
स्वागत आहे. आमचं पूर्ण गेलं.

मनी_आणि_मी
फटाक्यांचं लिहायचं राहिलं. कोंबड्या अंधारात आंधळ्याच असतात, आवाजाने घाबरल्या की खुराड्यात एकमेकींवर चढतात, गुदमरून मरतात सुद्धा. लक्ष्मीपूजनाला सूर्य मावळायच्या आत कोंडा, खुराड्याच्या गल्लीकडच्या बाजूला जुनी गोधडी टाका पण वरून हवा खेळती ठेवा. पुढचे काही दिवस कवचाशिवायची, नुसत्या पातळ पापुद्र्याची अंडी मिळू शकतात, घाबरल्यामुळे, ती आपोआप थांबतात. शेरूला आतल्या खोलीत, पंखा आणि टीव्ही चालू, आणि संध्याकाळी फिरवून आणायचं ते पाच वाजताच, एकदा रॉकेटला घाबरून पट्टा तोडून पळालेले कुत्रे आठ-आठ दिवस सापडत नाहीत. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहून ठेवा.

चहाबाज_सिडको
वसुबारसेला गाईची पूजा, नागपंचमीला नागाची, बैलांना पोळा. कोंबडीला आपल्या लोकांनी फक्त आखाड दिला. अन्याय आहे.

निफाडचा_पोरगा
😂😂 आज्जीला वाचून दाखवलं, आज्जी म्हणे तिला देवीची जत्रा पण दिलीय.

मुठेकाठचा_उगाच
अजून एक शंका, बाल्कनीची नाही. गावाकडून अंडी मागवली, वर थोडी घाण होती म्हणून धुऊन फ्रीजमध्ये ठेवली, तर काही खराब निघाली. आणि जी चांगली होती ती उकडून सोलताना अर्धं अंडं टरफलासोबत जातं.

बापू_ओझरकर
अंड्यावर बाहेरून एक पातळ लेप असतो, तो छिद्रं बंद ठेवतो. गार पाण्याने धुतलं की लेप जातो आणि आतला भाग आकसून बाहेरचं पाणी जंतूंसकट आत खेचतो. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फारच भरलेलं असेल तर कोमट पाण्याने वापरायच्या आधी धुवा. सोलत नाही कारण अंडं फार ताजं आहे, उकडायला आठवडाभर जुनी ठेवा. पाण्यात टाकून बघा, तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर लवकर संपवा, तरंगलं तर फेका.

मुठेकाठचा_उगाच
म्हणजे अंडं जास्त चांगलं आहे म्हणून त्रास देतंय. कळलं, नाशिकचीच होती.

गोकर्ण_निळी
अपडेट द्यायला आले. दिवाळी नीट पार पडली, शेरू पलंगाखाली होता, सरपंचने फटाक्यांना आरवून उत्तर दिलं. भेंडीच्या संपलेल्या वाफ्यात जाळी लावून टोळीला आत सोडलं, ताई तुम्ही म्हणालात तसंच झालं, वाफा असा केला की सासऱ्यांनी कुदळ हातात घेतली ती परत ठेवून दिली. मेथी पुन्हा पेरलीय, जाळी आडवी टाकून, छान उगवलीय, फक्त मनीला त्या जाळीवर उन्हात झोपायचं असतं त्यामुळे मधोमध मांजराच्या मापाचं टक्कल पडलंय, त्यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा. चंपीच्या मानेवर बारीक काळी सुयांसारखी पिसं फुटलीत. अंडी अजून नाहीत, पण दोन गावरानपैकी धाकटी आहे, ती पावसाळ्याच्या तोंडावर निघालेली तलंग (अजून अंडं न दिलेली तरुण कोंबडी), तिचा तुरा एकदम लाल झालाय आणि ती सारखी कोपरे हुंगत फिरतेय.

बापू_ओझरकर
तलंग आहे ना, ती या वर्षी पिसं टाकणार नाही, पहिल्या थंडीत बऱ्याचदा न थांबता देतात. गावरान जरा उशीर करते, साडेपाच-सहा महिन्यांनी धरते. जागा शोधतेय म्हणजे आता दिवसांचा प्रश्न आहे. कोपऱ्यात अंधारी जागा, तूस आणि एखादं लाकडी किंवा प्लास्टिकचं खोटं अंडं ठेवा, नाहीतर कुठेतरी कण्हेरीखाली घालेल. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

मातीचे_हात
मनीसाठी: मेथीच्या शेजारी एक रिकामं खोकं उन्हात ठेवा. मांजर आणि खोकं, पुढचं सांगायची गरज नाही.

पोल्ट्री_सिन्नर
आणि तलंगेने पहिलं अंडं दिलं की फोटो टाका. लहान असतं, कधी कधी रक्ताचा ठिपका असतो वर, घाबरून परत धागा काढू नका 😄

गोकर्ण_निळी
काढणारच. त्या अंड्यावर पोरांची आत्तापासून भांडणं लागलीत, सासूबाईंनी निकाल दिलाय की पहिलं अंडं सासऱ्यांचं. आता सासूबाईंच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आत ते यायला पाहिजे, नाहीतर परत फ्रीज भरेल आणि खाणारं कोणी नसेल.